संस्थेतल्या दिवसांचं शपथपत्र: या चुका टाळा

पूर्वी एखाद्या संस्थेत ठेवल्या गेलेल्या आणि तिथे छळ सोसलेल्या माणसांसाठी भरपाई योजना निघतात. अशा भरपाईच्या अर्जात पहिलाच प्रश्न असतो: तुम्ही त्या संस्थेत राहत होतात याचा पुरावा काय? संस्था केव्हाच बंद पडलेली असते, रजिस्टरं गहाळ झालेली असतात, नाहीतर नावच चुकीचं चढवलेलं असतं. मग अर्जदाराच्या हातात उरतं ते शपथपत्र.

त्याला कमी लेखू नका. आयर्लंडमध्ये ननांनी चालवलेल्या मॅग्डलेन लाँड्रींत, म्हणजे कपडे धुण्याच्या संस्थांत, राबवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी २०१३ मध्ये भरपाई योजना आली. २०१७ मध्ये तिथल्या लोकपालांनी त्या योजनेच्या कारभारावर ताशेरे ओढले. संबंधित खात्याने संस्थांच्या नोंदींवरच भिस्त ठेवली, आणि स्त्रियांनी स्वतः सांगितलेल्याला कितपत वजन दिलं ते दिसत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. तुमचं सांगणं हा पुरावाच आहे. म्हणूनच तो तपासला जातो, आणि खरं बोलणारी माणसंही इथे अडकतात.

सगळ्यात जास्त नुकसान करते ती उसनी तारीख. अर्जात तारखेचा रकाना रिकामा दिसला की माणूस घाबरतो आणि काहीतरी भरतो. समजा कुणी लिहिलं, ‘१४ जून १९६८ रोजी मला दाखल केलं.’ सहा महिन्यांनी जुनी नोंद सापडते आणि तिच्यात जानेवारी १९६८ असतं. आता बाकीच्या खऱ्या मजकुरावरही संशय येतो. तीच गोष्ट अशी लिहून पाहा: ‘तारीख आठवत नाही. कडाक्याची थंडी होती. धाकटा भाऊ तेव्हा अजून चालत नव्हता, आणि त्याचा जन्म मार्च १९६७ चा आहे. म्हणून मी १९६७-६८ च्या हिवाळ्यात आले असं मला वाटतं.’ जानेवारीची नोंद आली तर हे विधान आणखी भक्कम होतं. ‘आठवत नाही’ हे शब्द लिहायला अजिबात कचरू नका. आठवणीला टेकू द्या: भावंडाचा जन्म, शाळेची इयत्ता, कुणाचा तरी मृत्यू, खिडकीतून दिसणारं बांधकाम.

दुसरी चूक म्हणजे पाहिलेलं आणि ऐकलेलं एकाच दमात सांगणं. ‘मला चार वर्षं ठेवलं होतं’ हे तुम्हाला आठवतंय, की आत्या सांगायची? आत्या सांगायची असेल तर तसंच लिहा: ‘आत्याने मला सांगितलं, की...’ आत्या हयात असेल तर तिचं वेगळं शपथपत्र घ्या, तिच्याच शब्दांत. दोन भावंडांच्या शपथपत्रांत एकसारखी वाक्यं दिसली की वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी एकाने लिहून दोघांच्या सह्या घेतल्यात. एकाला जेवणाची घंटा आठवेल, दुसऱ्याला ओल्या गाद्यांचा वास. तो फरक पुसू नका. वकिलाने ‘अमानुष वागणूक’ असा छापील शब्द घातला असेल तर तो काढायला लावा आणि काय घडलं ते लिहा.

योजनेने विचारलंय काय, हेही आधी नीट वाचा. कॅनडात मूलनिवासी मुलांच्या निवासी शाळांसाठी २००७ मध्ये तडजोड लागू झाली. तिच्यातल्या सामाईक भरपाईत, म्हणजे तिथे राहिलेल्या सगळ्यांसाठीच्या रकमेत, पहिल्या शालेय वर्षाला १०,००० डॉलर आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला ३,००० डॉलर होते. तिथे मुद्दा एवढाच: कोणती शाळा, किती वर्षं. अत्याचारांच्या दाव्यांची प्रक्रिया वेगळी होती. आयर्लंडमध्ये अविवाहित माता आणि त्यांची बाळं जिथे ठेवली जात, त्या माता-बाल संस्थांची भरपाई योजना मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. लहानपणी तिथे राहिलेल्यांना किमान १८० दिवसांचा मुक्काम दाखवावा लागतो, त्यामुळे ‘काही महिने’ एवढं लिहून भागत नाही. आलात तेव्हाचा ऋतू आणि निघालात तेव्हाचा ऋतू लिहा. जिथे फक्त मुक्काम विचारलाय, तिथे जखमा उघड्या करण्याची सक्ती तुमच्यावर नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण अनेकजण सगळं सांगावंच लागेल या धास्तीने अर्जच करत नाहीत.

नोंदी मागितल्याशिवाय शपथपत्र जोडू नका. आधी लेखी मागणी करा आणि ‘नोंद आढळली नाही’ असं उत्तर आलं तर ते सोबत लावा. मागणी करताना आणि शपथपत्रातही तुमची सगळी नावं द्या: जन्माचं, संस्थेत ठेवलेलं, दत्तक गेल्यावरचं, लग्नानंतरचं. संस्थेत नंबरने हाक मारत असतील तर तो नंबरसुद्धा.

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या ह्युरोनियासारख्या संस्थांत बौद्धिक अपंगत्व असलेली माणसं वर्षानुवर्षं राहिली. अशा दाव्यात मदतनीस किंवा बहीण लिहून देते, आणि भरात ‘मी’ म्हणून त्या व्यक्तीच्याच तोंडचं लिहिते. तसं करू नका. बहिणीने बहीण म्हणून लिहावं: भेटायला गेले तेव्हा अंगावर काय दिसलं, घरी आल्यावर भाऊ कशाला घाबरायचा. त्या व्यक्तीला स्वतः सांगता येत असेल तर सोप्या भाषेत वाचून दाखवा, समजल्याची खात्री करा, आणि वाचून दाखवल्याची नोंद शपथपत्रात असू द्या.

सहीबद्दल थोडक्यात: घरून सही करून जाऊ नका, ती शपथ देणाऱ्या अधिकाऱ्यासमोरच करायची असते. खाडाखोड झाली तर तिथे आद्याक्षरं हवीत. मजकुरात उल्लेख केलेला कागद जोडलेला आणि खूण केलेला हवा.

आणि दाखल केल्यावर चूक लक्षात आली तर? गप्प बसू नका, जुना कागद बदलायचा प्रयत्नही नको. पुरवणी शपथपत्र द्या: आधी काय लिहिलं होतं, आता काय कळलं, कशावरून कळलं. दावा फेटाळला गेला असेल तर पत्रातलं कारण शब्दन् शब्द वाचा, फेरविचाराची मुदत पहिल्याच दिवशी लिहून ठेवा, आणि पुरवणीत फक्त त्या कारणाचं उत्तर द्या.