डोमेन ट्रान्सफर करताना लॉक कधी काढायचं, परत कधी लावायचं

वाशीला एपीएमसी मार्केटात मसाल्याचे एक व्यापारी आहेत, त्यांचं डॉट कॉम डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन विकणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे न्यायचं होतं. लॉक म्हणजे डोमेन परस्पर दुसरीकडे जाऊ नये म्हणून लावलेलं कुलूप. ते काढायला दोन मिनिटं पण नाही लागली, पण त्याआधी चार दिवस गेले, कारण डोमेनवर ईमेल होता जुन्या वेबसाईटवाल्याचा आणि ट्रान्सफरचा कोड त्याच ईमेलवर येणार होता. शेठ म्हणाले ईमेल बदलून टाकू आधी. मी म्हटलं थांबा, अजिबात नको!

डॉट कॉमला मालकाचं नाव किंवा ईमेल बदलला की ६० दिवस ट्रान्सफर बंद होऊ शकतं, हा आयकॅनचा, म्हणजे जगभरच्या डोमेनचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचा नियम आहे. काही रजिस्ट्रार बदल करतानाच हे ६० दिवस नकोत असा पर्याय देतात, तो तेव्हाच निवडावा लागतो, नंतर नाही. आम्ही त्या जुन्या माणसाला फोन करून त्याच्याकडूनच कोड घेतला आणि ईमेल नवीन ठिकाणी गेल्यावर बदलला. नवीन घेतलेलं किंवा नुकतंच ट्रान्सफर झालेलं डोमेनसुद्धा ६० दिवस हलत नाही.

आता लॉक. हूइज मध्ये, म्हणजे डोमेनची नोंद दाखवणाऱ्या ऑनलाइन सर्चमध्ये, डोमेन टाकून बघा, स्टेटसला क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड दिसलं म्हणजे लॉक आहे, आणि ते असायलाच पाहिजे, एरवी कधीही काढून ठेवू नका. रजिस्ट्रारच्या पॅनलमध्ये डोमेन सेटिंगला जाऊन ट्रान्सफर लॉक ऑफ करा, थोड्या वेळाने परत हूइज बघा. सर्व्हर ट्रान्सफर प्रोहिबिटेड असेल तर ते रजिस्ट्रीने (सगळ्या डॉट कॉमची मुख्य यादी सांभाळणाऱ्या कंपनीने) लावलेलं असतं, पॅनलमधून निघणार नाही, सपोर्टलाच विचारावं लागेल.

मग ऑथ कोड मागा, ईपीपी कोड पण म्हणतात. तो मागितल्यापासून ५ दिवसात द्यायचं रजिस्ट्रारवर बंधन आहे. हा कोड म्हणजे घराची किल्ली, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, कॉपी करून थेट नवीन रजिस्ट्रारकडे पेस्ट करा. जुन्या रजिस्ट्रारने काहीच उत्तर दिलं नाही तरी ५ दिवसांनी ट्रान्सफर आपोआप होतं.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात, नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) जुन्या रजिस्ट्रारचेच असतील तर सगळ्या डीएनएस रेकॉर्डचे, म्हणजे वेबसाईट आणि ईमेल कुठे जातात त्या नोंदींचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा आणि नवीन ठिकाणी आधीच भरा. एमएक्स, म्हणजे ईमेलचा रेकॉर्ड, राहिला तर वेबसाईट चालते पण ऑर्डरचे ईमेल येणं बंद होतं, आणि दुकानदाराला ते कळतं दोन दिवसांनी गिऱ्हाईक ओरडल्यावर.

डॉट कॉमला ट्रान्सफरच्या पैशात एक वर्ष वाढून मिळतं, त्यामुळे मुदत संपायची वाट बघू नका, महिनाभर आधीच सुरू करा. डॉट इन मात्र निक्सी या भारतातल्या संस्थेकडे आहे, तिथे आयकॅनचे नियम तसेच्या तसे धरू नका, रजिस्ट्रारला विचारूनच पुढे जा.

डोमेन आलं की त्याच दिवशी नवीन पॅनलमध्ये लॉक ऑन करा आणि हूइजला परत एकदा बघून घ्या. शेठच्या डोमेनला मी हे रात्री साडेअकराला ठाण्याला घरी बसून केलं, सकाळवर टाकलं नाही.