मोंगोडीबी बसवताना क्रम चुकवू नका
क्लाउड सर्व्हरवर मोंगोडीबी हा डेटाबेस (माहिती साठवणारी प्रणाली) स्वतः इन्स्टॉल केल्यास वापरकर्त्याची ओळख तपासण्याची सोय मुळात बंद असते. 2017 च्या सुरुवातीला जगभरातले हजारो उघडे डेटाबेस पुसून खंडणी मागितली गेली, ती याच ढिलाईमुळे. म्हणून आधी सर्व्हरवरच मोंगोडीबीचा शेल (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) उघडून ‘ॲडमिन’ डेटाबेसमध्ये प्रशासक वापरकर्ता तयार करावा आणि मगच कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ‘सिक्युरिटी’खाली ‘ऑथरायझेशन’ सुरू करून सेवा रीस्टार्ट करावी. या फाइलमध्ये ओळ आत सरकवण्यासाठी टॅब चालत नाही, स्पेसच द्याव्या लागतात. सेवा सुरू होत नसेल तर प्रथम हेच तपासावे.

आवृत्ती 3.6 पासून मोंगोडीबी मुळात फक्त त्याच सर्व्हरवरून येणारी जोडणी स्वीकारतो. बाहेरून जोडता येत नाही म्हणून ‘बाइंड आयपी’मध्ये (डेटाबेसने कोणत्या पत्त्यांवर जोडणी स्वीकारायची ते ठरवणारी कॉन्फिगरेशन फाइलमधली नोंद) 0.0.0.0, म्हणजे ‘सर्व पत्ते’, लिहून मोकळे होण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. ॲप्लिकेशन दुसऱ्या सर्व्हरवर असेल तर ‘बाइंड आयपी’मध्ये डेटाबेस सर्व्हरचा खासगी नेटवर्कवरचा पत्ता जोडावा आणि फायरवॉलमध्ये (नको त्या जोडण्या अडवणारी यंत्रणा) 27017 हा मोंगोडीबीचा पोर्ट (जोडणीचा क्रमांक) त्या एकाच सर्व्हरसाठी उघडावा; आपल्या लॅपटॉपवरून डेटा पाहायला एसएसएच टनेल (सर्व्हरपर्यंतचा सुरक्षित, कूटबद्ध मार्ग) पुरेसा आहे. ॲप्लिकेशनला प्रशासकाचे खाते न देता त्याच्या डेटाबेसपुरता वाचण्या-लिहिण्याचा अधिकार असलेला वेगळा वापरकर्ता करून द्यावा.