ऑडिटच्या आधी ऑफिसातल्या ऑफलाइन पीसीची तयारी

पतपेढी असो, सोसायटी असो की छोटा कारखाना, एक पीसी असा असतोच ज्यावर फक्त हिशोब असतात आणि मुद्दाम नेट दिलेलं नसतं, आणि काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "अहो नेटच नाही तर व्हायरस येणार कुठून?" पेनड्राइव्हमधून येणार, अजून कुठून! इराणच्या नतांझ अणुप्रकल्पातल्या कंट्रोल सिस्टीमलाही नेट नव्हतं, तरी स्टक्सनेट नावाचा व्हायरस आत पोचलाच, आधी प्लांटची कामं घेणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांमध्ये शिरून, आणि २०१० मध्ये सगळं उघडकीला येईपर्यंत तिथली सेंट्रिफ्यूज यंत्रं बिघडत होती. आपल्यामागे एवढं कोणी लागणार नाही, पण ऑडिटरचा पेनड्राइव्ह आपल्याआधी बऱ्याच ऑफिसांतून फिरून आलेला असतो.

तर पहिलं काम म्हणजे पीसी खरंच ऑफलाइन आहे का ते बघायचं. वायफाय, ब्लूटूथ नुसतं ऑफ करून ठेवू नका, बायोसमधून, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या सेटिंगमधून, डिसेबल करा नाहीतर डोंगल काढूनच घ्या. आणि मोबाईल चार्जिंग! कोणीतरी पीसीच्या यूएसबीला फोन लावतो, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू असतं, की झाला पीसी ऑनलाइन, कोणाला पत्ताही नाही. टेबलावर एक साधा चार्जर आणून ठेवा, निम्मा प्रश्न मिटतो.

आता पेनड्राइव्ह, कारण खरा घोळ इथेच होतो. ऑफिसचे दोन वेगळे घ्या, एक डेटा आत आणायला, एक बाहेर न्यायला, रंग वेगळे असू द्या म्हणजे घाईत अदलाबदल होत नाही. बाहेरून आलेला कुठलाही पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या, अपडेटेड अँटीव्हायरस असलेल्या मशीनवर स्कॅन करायचा, हवी ती फाईल तेवढी ऑफिसच्या पेनड्राइव्हवर घ्यायची, मग आत. विंडोजमध्ये ऑटोप्ले (पेनड्राइव्ह लावताच आपोआप उघडणं) बंद करा, फाईल एक्स्टेन्शन (नावामागचं .exe, .pdf वगैरे) दिसतील असं सेटिंग करा. झेरॉक्सच्या दुकानातून परत आलेल्या पेनड्राइव्हमध्ये सगळे फोल्डर एक-एक केबीचे शॉर्टकट झालेले पाहिलेत ना? खरा डेटा बहुतेक वेळा तिथेच लपवलेला असतो, शॉर्टकटवर डबल क्लिक केलं की व्हायरस चालू होतो आणि वर फोल्डरही उघडतो, त्यामुळे कोणाला शंकाच येत नाही. असं दिसलं तर क्लिक न करता पेनड्राइव्ह काढायचा.

ऑडिटरला डेटा हवा असेल तर आपल्या पेनड्राइव्हवर द्या, त्यांचा लावून घेऊ नका. वाईट वाटेल, वाटू दे. हाच नियम रिपेअरिंगवाल्याला, कारण त्याच्या पेनड्राइव्हमध्ये चोरीचं सॉफ्टवेअर चालवायचे क्रॅक आणि अॅक्टिव्हेटर भरलेले असतात, आणि ते चालवायला तो आधी तुमचा अँटीव्हायरसच बंद करतो.

अपडेट हा कंटाळवाणा भाग, पण नेट नाही म्हणून पीसी वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि अँटीव्हायरसला नवीन काही ओळखूच येत नाही. विंडोजच्याच डिफेंडर अँटीव्हायरसची डेफिनिशन फाईल (नवीन व्हायरस ओळखायची यादी) मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून वेगळी डाऊनलोड होते, महिन्यातून एकदा आणून टाका. विंडोज ७ असेल तर मात्र त्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपलाय, बदलायचं बघा.

बॅकअप घेताय ना? रॅन्समवेअरला, म्हणजे फाईली लॉक करून पैसे मागणाऱ्या व्हायरसला, त्या लॉक करायला नेट लागतंच असं नाही, आणि बॅकअपची हार्ड डिस्क कायम पीसीलाच लावून ठेवली असेल तर तीही सोबत जाते. कॉपी झाली की काढून कपाटात, आणि ऑडिटच्या आधी एकदा त्यातून डेटा दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून बघा, नुसती फाईल दिसते म्हणजे ती उघडेलच असं नाही. आणि पीसीच चोरीला गेला तर? विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर चालू करा, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद राहतो, आणि तो उघडायच्या 'रिकव्हरी की'ची प्रिंट काढून तिजोरीत ठेवा, त्याच पीसीच्या डेस्कटॉपवर नको.

पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरवरून काढा. रोजच्या कामाला अॅडमिन नसलेलं लॉगिन द्या.

फॅनच्या आवाजातून, हार्ड डिस्कच्या लाईटमधून डेटा चोरता येतो असं इस्रायलच्या बेन-गुरियन युनिव्हर्सिटीतल्या रिसर्चवाल्यांनी करून दाखवलंय, वाचायला भारी आहे, पण त्यालाही व्हायरस आधी आत शिरलेला लागतो, म्हणजे गाडी पुन्हा पेनड्राइव्हवरच. आपण ते सोडून द्यायचं.

शेवटचं, मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल (पीसीचं घड्याळ चालू ठेवणारा बटणासारखा सेल) बदलून घ्या. तो उतरला की पीसी बंद-चालू केल्यावर तारीख मागे जाते, नेट नसल्याने आपोआप दुरुस्तही होत नाही, आणि मग कुठली फाईल कधी बदलली याचा काही मेळ लागत नाही.