मेनकून बोक्याची पातळ शी कशी थांबली

सांगलीतला आमचा मेनकून (मांजराची मोठी, लांब केसांची जात) बोका ७ किलोचा. कोरडं खाणं बंद करून चिकन दिलं आणि पातळ शी सुरू झाली. दही-भात झाला, जंताचं औषध झालं. तीन आठवडे नुसती फरशी पुसत होतो.

चूक एका दिवसात बदल करण्याची होती. शी घट्ट होईपर्यंत जुनंच खाणं दिलं. मग पाव हिस्सा उकडलेलं चिकन, चार दिवसांनी निम्मं, आणखी चार दिवसांनी पाऊण, मग पूर्ण. किलोभर मांसाला ५० ग्रॅम कलेजी, चहाचा एक चमचा अंड्याच्या टरफलाची बारीक पूड आणि गार झाल्यावर २ ग्रॅम टॉरिन, म्हणजे मांजराला खाण्यातून मिळावंच लागणारं पोषक द्रव्य (शिजवताना मांसातलं टॉरिन पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणीही त्यातच कालवायचं). कांदा-लसूण अजिबात नाही. आणि पोट बिघडलं म्हणून उपाशी ठेवू नका. मांजराच्या यकृताला ते झेपत नाही.