झिजलेले रोमन नाणे ओळखताना : माझा अनुभव

माझ्याकडील तांब्याच्या एका लहान रोमन नाण्यावरील चेहरा इतका झिजला होता की त्यावरून सम्राट ओळखणे शक्यच नव्हते, म्हणून मी मागील बाजूपासून सुरुवात केली. झिजलेल्या नाण्यांच्या बाबतीत हाच क्रम योग्य आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. नाणे ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून मऊ ब्रशने स्वच्छ केले. आम्ल मुद्दामच टाळले, कारण त्याने वरचा थर गेला की उरलेली अक्षरेही जातात. नंतर अंधाऱ्या खोलीत टॉर्चचा प्रकाश अगदी आडवा पाडून नाणे हळूहळू फिरवले, तेव्हा सपाट वाटणाऱ्या भागावर समोरासमोर उभे असलेले दोन सैनिक आणि त्यांच्यामध्ये एकच ध्वजदंड दिसू लागला. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातील या प्रकारात इ. स. 330 पासून दोन ध्वजदंड असत, तर 335 च्या सुमारास नाणे लहान होऊन एकच उरला. माझ्या नाण्याचा 15 मिलिमीटर व्यासही त्याच्याशी जुळला. सैनिकांच्या पायाखालच्या रेषेखाली ‘एसएमएएन’, म्हणजे अँटिओकच्या टांकसाळीची खूण होती. दर्शनी बाजूच्या लेखातील ‘आययूएन’ (म्हणजे कनिष्ठ) आणि ‘एनओबी सी’ (म्हणजे अतिउदात्त सीझर) एवढीच अक्षरे वाचता आली, पण तेवढी पुरेशी होती, कारण 337 मध्ये ऑगस्टस, म्हणजे पूर्ण सम्राट, होण्यापूर्वी कॉन्स्टंटाइनचा मुलगा दुसरा कॉन्स्टंटाइन याच ‘कनिष्ठ’ सीझर (दुय्यम सम्राट) या बिरुदाने नाण्यांवर येतो.