सॅन (स्टोरेजचे नेटवर्क) स्विचच्या पोर्टवर सीआरसी एरर (वाटेत खराब झालेल्या फ्रेमची, म्हणजे डेटाच्या पाकिटाची नोंद) वाढताना दिसल्या तर

लगेच एसएफपी (पोर्टमध्ये बसणारे, फायबर केबल जोडायचे मॉड्यूल) बदलायला धावू नका. बहुतेक वेळा दोष असतो तो एलसी कनेक्टरवरच्या (फायबर केबलच्या टोकावरच्या) धुळीचा.

ब्रोकेड स्विच असेल तर आधी पोर्टस्टॅट्सक्लिअर या कमांडने काउंटर शून्य करा. जुने आकडे कधीचे आहेत हे कळत नाही. थोड्या वेळाने पोर्टस्टॅट्सशो पाहा. सीआरसीसोबत 'जी-ईओएफ'चा (सीआरसी चुकलेल्या पण शेवटची खूण ठीक असलेल्या फ्रेमचा) आकडाही वाढत असेल तर बिघाड याच लिंकवर आहे. नुसता सीआरसी वाढत असेल तर फ्रेम आधीच खराब होऊन आली आहे, म्हणजे शोध मागच्या स्विचकडे घ्यायचा. हा फरक न पाहिल्यामुळे चांगल्या केबली फुकट बदलल्या जातात.

एरर ऐकणाऱ्या, म्हणजे डेटा घेणाऱ्या बाजूला मोजल्या जातात. म्हणून संशयित तीन: समोरचा ट्रान्समीटर, मधली केबल, आपला रिसीव्हर. एसएफपीशो कमांडमध्ये आरएक्स पॉवर (आत येणाऱ्या प्रकाशाची ताकद) बघून ठेवा.

मल्टिपाथचा (स्टोरेजकडे जाणाऱ्या एकाहून जास्त मार्गांपैकी) दुसरा मार्ग चालू आहे याची होस्टवर (सर्व्हरवर) खात्री करा, मगच पोर्ट बंद करून केबल काढा. १.२५ मिमीच्या क्लिक-क्लीनरने केबलची दोन्ही टोके आणि एसएफपीचे तोंडही पुसा. आत डोकावू नका. ८५० नॅनोमीटरचा लेझर डोळ्यांना दिसत नाही.

तरीही एरर येत असतील तर रॅकच्या बाजूला केबल करकचून बांधलेली आहे का ते बघा (प्लास्टिक टायऐवजी वेल्क्रो वापरा). लांबीही मोजा: ३२ गिगाबिटला ओएम३ प्रकारच्या फायबरवर जास्तीत जास्त ७० मीटर, ओएम४ वर १०० मीटर. एसएफपीची पाळी त्यानंतर.