विडी वळणारीला ‘काम करता का?’ असं विचारू नका

सोलापुरात घरोघरी सर्वेक्षणाला जाणाऱ्या नव्या पोरींना मी आधी हेच सांगते. मावशी दारात मांडीवर सूप घेऊन विड्या वळतेय आणि तुम्ही विचारता, ‘काम करता का?’ ती म्हणते, ‘नाही गं, घरीच असते.’ झालं, तुम्ही ‘गृहिणी’ लिहून मोकळ्या!

त्याऐवजी विचारा, ‘मागच्या सात दिवसांत पैशासाठी तासभर तरी काही केलंत का? विड्या, शिवण, डबे?’ तासाची ही अट माझ्या मनची नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या जिनिव्हातल्या परिषदेत देशोदेशीचे संख्यातज्ज्ञ अशा व्याख्या ठरवतात. 2013 साली त्यांनी स्पष्ट केलं, की मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी केलं तो रोजगार. घरचा स्वयंपाकही कामच, पण त्याचा हिशेब वेगळा.

मग विचारा, पानं-तंबाखू कोण देतं? हजार विड्यांची मजुरी कोण ठरवतं? दोन्हीचं उत्तर ‘कारखाना’ आलं, तर कृपा करून ‘स्वतःचा धंदा’ लिहू नका. दुसऱ्यावर असं अवलंबून राहून काम करणाऱ्यांसाठी 2018 च्या परिषदेनं ‘अवलंबित कंत्राटदार’ असा गट केलाय. नाव जरा सरकारीच आहे. आपल्या फॉर्मात तो रकाना नसेल तर शेऱ्यात सगळं लिहा: पानं कुणाची, छाट, म्हणजे खराब म्हणून कारखान्यानं नाकारलेल्या विड्या, किती जाते, पानं कापायला लेक बसते का.

विड्या कारखान्यात द्यायच्या वेळी जाऊ नका. घरात तेलुगू बोलत असतील तर तेलुगू येणारी सोबतीण न्या. शेजारणीला दुभाषी करू नका, तिच्यासमोर मजुरीचा खरा आकडा कुणी सांगत नाही.